ॲलेक गिनेस म्हणजे फक्त ओबी-वान नाही
ब्रिटिश नट ॲलेक गिनेसवरचा लेख आवडला पण अर्धा लेख स्टार वॉर्सवरच (त्यातला ओबी-वान त्याने केला होता) गेला ते खटकलं. १९४९ च्या काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स सिनेमात या माणसाने एकाच खानदानातले आठ जण केलेत, त्यात एक बाईपण, आणि नुसत्या मेकअपवर नाही, आवाज, चाल सगळं वेगळं. आणि ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय (१९५७, ऑस्कर याच्यासाठीच) मध्ये युद्धकैदी कर्नल झालेला तो पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतो, पाय लटपटतायत पण कर्नलचा ताठा तसाच, ती चाल त्याने पोलिओतून बरं होणाऱ्या स्वतःच्या मुलाची बघून उचलली होती, हे कळल्यापासून तो सीन बघताना गलबलतंच. पॅसेज टू इंडियात त्याने केलेला प्रोफेसर गोडबोले मात्र अजिबात नाही पटला, तिथे आपल्याकडचाच नट हवा होता. आणि बीबीसीवरच्या मालिकेतला त्याचा गुप्तहेर जॉर्ज स्माइली (टिंकर टेलर सोल्जर स्पाय, १९७९) राहिलाच की! नुसतं गप्प बसून समोरच्याला बोलतं करतो, जरूर बघा.