ओळंबा धरता येतो का?

वादाला सुरुवात आमच्या कट्ट्यावरच्या धाकट्याने केली. भूकंपात पडलेल्या शाळा बांधायला स्वयंसेवक म्हणून तो दोन आठवडे निघाला होता. रजा मंजूर, बॅग अर्धी भरलेली. कट्ट्यावर हे सांगितलं की पाठीवर थाप पडेल, अशी त्याची समजूत. त्याऐवजी आमच्यातल्या सिव्हिल इंजिनिअरने, म्हणजे सिव्हिलवाल्याने विचारलं, "भिंत सरळ उभी आहे का बघायचा ओळंबा धरता येतो का तुला?"

"शिकवतील की तिथे."

"दोन आठवड्यांत? पहिला तर हाताचे फोड बरे होण्यातच जाईल."

सीएने लगोलग हिशेब काढला. भागाकार केल्याशिवाय त्याला कुठलीच गोष्ट पटत नाही. विमानाचं तिकीट, राहणं, विमा. तेवढ्या पैशांत तिथल्याच एखाद्या गवंड्याची कित्येक दिवसांची मजुरी निघेल. त्या गवंड्याचंही घर पडलेलंच असणार. "म्हणजे तू फुकट राबून त्याच्या पोटावर पाय देणार," सीए म्हणाला. धाकट्याचा चेहरा उतरला.

मला हे फारच एकतर्फी वाटलं. सगळ्यांनीच पैसे पाठवून हात झटकायचे म्हटलं, तर ढिगारा कोण उपसणार? मी चीनमधल्या चेंगदूचं उदाहरण दिलं. २००८ च्या सिचुआन भूकंपानंतर शिगेरू बान या जपानी वास्तुरचनाकाराने तिथल्या एका प्राथमिक शाळेसाठी कागदी नळ्यांचे तात्पुरते वर्ग उभारले. उभारणारे बरेचसे जपानी आणि चिनी विद्यार्थी आणि स्वयंसेवकच होते. सांधेच असे आखले होते की नवशिक्याला जमावेत.

"तेच तर म्हणतोय मी!" सिव्हिलवाला उसळला. "हलकं, एकमजली. उद्या कोसळलं तरी मुलं मरणार नाहीत. काम माणसं बघून आखलं होतं. हा पठ्ठ्या निघालाय आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या शाळेवर." मग त्याची गाडी रिंगांवर आली, आणि एकदा ती रिंगांवर आली की थांबत नाही. कॉलमच्या उभ्या सळ्यांना कवळून असतात त्या रिंगा. त्यांची टोकं १३५ अंशांत वळवून आत, काँक्रीटच्या गाभ्यात घुसवायची असतात. कंटाळा करून काटकोनात सोडली, तर हादऱ्यात वरचं काँक्रीट उडतं, रिंग उघडते, सळ्या बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. "काँक्रीट ओतल्यावर हे कुणालाच दिसत नाही. रंग दिल्यावर तर फोटोही छान येतो." दगडी भिंतीचंही तसंच. तिच्या आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर घातले नाहीत, तर आतला आणि बाहेरचा थर सुटे होतात. दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सलग पट्टा हवा, तोही हौशी माणूस विसरतो.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. ते बोलले तेव्हा विषय भिंतींवरून वेळापत्रकावर गेला. नेपाळचा मोठा भूकंप २५ एप्रिल २०१५ चा, शनिवारी दुपारी बाराच्या सुमाराचा. तिकडे शनिवारी शाळा बंद असते, म्हणून हजारो वर्ग कोसळले तेव्हा रिकामे होते. काश्मीरचा ८ ऑक्टोबर २००५ चा, तोही शनिवारच. पण वेळ सकाळची आणि शाळा भरलेल्या. हजारो मुलं वर्गातच गेली. सिचुआनमध्ये तर सोमवारची दुपार होती. सरकारी आकडाच ५,३३५ विद्यार्थी मृत वा बेपत्ता असा आहे.

"आणि त्याच सिचुआनमध्ये सांगझाओच्या शाळेतली दोन हजारांवर मुलं १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानात आली," मास्तर म्हणाले. ये झीपिंग नावाचे मुख्याध्यापक कित्येक वर्षं पैशांसाठी खेटे घालून ती कच्ची इमारत मजबूत करून घेत होते, आणि मुलांकडून बाहेर पडण्याचा सरावही. "तिथे कुणी बाहेरून विटा रचायला आलं नव्हतं."

सीएला वाटलं, हा आपल्या बाजूचा मुद्दा. तसा तो नव्हता. मास्तरांचं म्हणणं, पक्की इमारत उभी राहायला वर्ष-दोन वर्षं जातात आणि तोवर पोरं पांगतात. कुणी कामाला लागतं, कुणाचं लग्न लावून देतात. धाकट्याने त्या मधल्या काळासाठी जावं. ढिगाऱ्यातून धड विटा वेचाव्यात, गवंड्याच्या हाताखाली पाटी उचलावी, बांधकामावर सात-आठ दिवस इमानाने पाणी मारावं, संध्याकाळी तंबूत पोरांना गणितं घालावीत. पण दोन आठवडे नव्हे, निदान तीन महिने.

"तीन महिने रजा कोण देतो?" धाकटा म्हणाला. याचं उत्तर आमच्यापैकी कुणाकडेच नव्हतं. मला विचाराल तर खरी गोम इथेच आहे. आपली मदत आपल्या शिल्लक रजेच्या मापाने बेतलेली असते, पडलेल्या शाळेच्या नाही. सीएला मात्र हेही मान्य नाही. त्याच्या मते तीन महिन्यांचा पगारच पाठवावा. तासभर तो आणि मास्तर त्यावरच भांडले.

उठताना पाहिलं तर सिव्हिलवाला कट्ट्याखाली पडलेला तारेचा तुकडा उचलून धाकट्याला टोक वळवून दाखवत होता. धाकट्याने वळवलं ते जेमतेम काटकोनात. सिव्हिलवाल्याने बोटाने ओढलं, उघडलं. "परत," तो म्हणाला.