कॅल्शियम वाढल्यावरची भरपूर लघवी ही ‘साफसफाई’ नाही

‘रक्तात कॅल्शियम वाढलं की लघवी वाढते, कारण शरीर ते धुऊन काढत असतं. लघवी पाण्यासारखी स्वच्छ म्हणजे किडनी ठणठणीत. पाणी प्या, लघवीची गोळी घ्या, कॅल्शियम उतरेल.’ असा संदेश सगळीकडे फिरतो आहे. त्यातलं ‘कॅल्शियम वाढलं की लघवी वाढते’ एवढंच पूर्ण खरं.

आधी साफसफाईचा मुद्दा. इथे किडनीला पाणी राखताच येत नसतं. लघवी घट्ट व्हायला दोन गोष्टी लागतात: किडनीच्या गाभ्यात साठलेला क्षार, आणि संग्राहक नलिकेच्या (जिथे लघवी शेवटी घट्ट होते त्या नळीच्या) भिंतीत पाण्याला वाट देणारं ॲक्वापोरिन-२ हे प्रथिन. व्हासोप्रेसिन हे हार्मोन त्याला भिंतीवर आणून बसवतं. जादा कॅल्शियम दोन्हीकडे घाव घालतं. हेन्ले लूपच्या (किडनीतल्या नलिकेच्या वळणाच्या) जाड चढत्या भागात, रक्ताच्या बाजूला, कॅल्शियम ओळखणारे रिसेप्टर असतात. ते चेतले की सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड शोषून घेणारा वाहक मंदावतो आणि गाभ्यातला क्षार ओसरतो. फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी हाच वाहक अडवते. म्हणजे गोळी न घेताच गोळीचा परिणाम सुरू. संग्राहक नलिकेत हाच रिसेप्टर लघवीच्या बाजूला असतो आणि तिथे ॲक्वापोरिन-२ घटतं. हार्मोन हजर, पण नलिका त्याचं ऐकत नाही. म्हणूनच डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याच हार्मोनची कृत्रिम प्रत, देऊन फारसा उपयोग होत नाही.

या यंत्रणेचा एक फायदा मात्र आहे. कॅल्शियमने भरलेली लघवी पातळ राहिली तर खडे होण्याचा धोका कमी होतो. पण त्यात रक्तातलं कॅल्शियम उतरवण्याची सोय नाही.

‘स्वच्छ लघवी म्हणजे किडनी ठणठणीत’ हे तर धोकादायक आहे. शरीरात पाणी कमी पडलं की निरोगी किडनी गडद, घट्ट लघवी करते. तिची ऑस्मोलॅलिटी (घट्टपणाचं माप) १२०० mOsm/kg पर्यंत नेऊ शकते. इथे जीभ कोरडी, उभं राहिलं की चक्कर, रक्तातलं सोडियम चढलेलं, आणि तरीही लघवी फिकीच. तेव्हा रंग सोडा. रोजचं वजन, २४ तासांची लघवी (३ लिटरच्या वर म्हणजे जास्तच), आडवं आणि उभं असतानाचा रक्तदाब, सोडियम, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) पाहा. साखर वाढली तरी लघवी वाढते, म्हणून तीही तपासा, नाहीतर भलत्याच कारणामागे लागाल. अल्ब्युमिन (कॅल्शियम धरून ठेवणारं रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर कॅल्शियमचा आकडा फसवतो: ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा आणि उत्तर कॅल्शियममध्ये मिळवा. कॅल्शियम १०.४ mg/dL आणि अल्ब्युमिन २ g/dL असेल, तर हिशेब १२ वर जातो. शक्य असेल तिथे आयनीकृत (प्रथिनाला न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम मोजलेलं उत्तम.

‘पाणी प्या’ हे चूक नाही, अपुरं आहे. कॅल्शियम बरंच वाढलं की मळमळ, उलट्या, गुंगी येते आणि पिणंच थांबतं. पाणी घटलं की किडनीतली रक्ताची गाळण कमी होते, नलिका सोडियम धरून ठेवतात, त्याच्यासोबत कॅल्शियमही परत शोषलं जातं आणि रक्तातला आकडा आणखी चढतो. लघवी भरपूर, तरी कॅल्शियम वाढतंच, ते यामुळे. आकडा १४ mg/dL च्या वर गेला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तातडीने रुग्णालय. तिथे साधारणपणे सलाईन तासाला २०० ते ३०० मिलीने सुरू करतात आणि पुढे लघवी तासाला १०० ते १५० मिली राहील असा वेग ठेवतात; हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर सावकाश. कॅल्शियम उतरवणारं औषध कॅल्सिटोनिन काही तासांत काम करतं, पण साधारण ४८ तासांनी त्याचा जोर ओसरतो. झोलेड्रॉनिक ॲसिड या दुसऱ्या औषधाला २ ते ४ दिवस लागतात, म्हणून दोन्ही एकदमच सुरू करतात.

आणि लघवीची गोळी? आधीच सुकलेल्या माणसाला फ्युरोसेमाइड दिलं तर तो आणखी सुकतो. ते राखून ठेवतात सलाईनने अंगात पाणी साचलं तर. थायझाइड (लघवीच्या गोळ्यांचा दुसरा प्रकार) तर उलटंच करतं: लघवीतून जाणारं कॅल्शियम रोखतं. ‘लघवीची गोळी’ असं मोघम लिहून संदेश पुढे धाडणाऱ्याला हा फरक बहुधा ठाऊक नसावा.

कॅल्शियम ताळ्यावर आलं तरी लघवी त्याच दिवशी घट्ट होत नाही. नलिका सावरायला काही दिवस, कधी काही आठवडे जातात. तोवर पिणं तहानेपेक्षा कमी पडू देऊ नये. किडनीच्या गाभ्यात कॅल्शियम साचून बसलं असेल, तर थोडा दोष कायमचाही राहू शकतो.