ह्यांचं पीएचडी चाललंय

पहिला फोटो मी अप्पांना मोठ्या आशेनं दाखवला. मृगातला तेजोमेघ, म्हणजे आकाशातला चमकता वायूचा ढग, दोन मिनिटांचं एक्स्पोजर, दिंडोरीकडे एका मित्राच्या द्राक्षमळ्यात डिसेंबरच्या थंडीत कुडकुडत काढलेला. अप्पांनी कपाटातून भिंग आणलं. अप्पा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत. नोटांचे छापील कागद तपासण्यात हयात गेली. अजूनही घरात लग्नपत्रिका आली की ते आधी ती तिरकी धरून छपाई बघतात आणि मग लग्न कोणाचं ते वाचतात.

"हे तारे आहेत?"

"हो."

"मग जिऱ्यासारखे का?"

झालं. त्या दिवसापासून माझी झोप गेली. तशी ती या छंदात आधीच गेली होती, पण आता दिवसाचीही गेली.

जिऱ्याचं कारण असं की पृथ्वी फिरते आणि आपल्याला आकाश सेकंदाला 15 विकला (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सरकताना दिसतं. दुर्बीण ज्यावर बसते ते माउंट मोटरच्या जोरावर तेवढ्याच वेगानं ताऱ्यामागे जातं. निदान जाहिरातीत तरी जातं. प्रत्यक्षात त्याच्या पोटात एक वर्म गिअर असतो. तो दर आठ-दहा मिनिटांच्या फेरीत थोडा पुढे पळतो, थोडा रेंगाळतो, शाळेत निघालेल्या पोरासारखा. माझ्या 750 मिलिमीटर फोकल लेन्थच्या दुर्बिणीतून कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे जेमतेम एक विकला. गिअर दहा विकला चुकला की ताऱ्याचं जिरं तयार. वर ध्रुवाचा ताप वेगळा, कारण माउंटचा आस आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो. नाशिकहून ध्रुवतारा क्षितिजापासून अवघ्या 20 अंशांवर, म्हणजे आमच्या गच्चीवरून बरोबर शेजाऱ्यांच्या सोलर बंबामागे. अढळपद वगैरे पुराणात ठीक आहे. हा गृहस्थ खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त लांब असतो आणि स्वतःच त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालतो. अलाइनमेंट करायला बसलं की समजतं.

यावर उपाय ऑटोगायडर. दुसरा एक छोटा कॅमेरा एकाच ताऱ्यावर डोळा ठेवून बसतो. तारा जरा हलला की दर एक-दोन सेकंदांनी माउंटला टोचतो. पूर्वी हे काम माणसं करत. रात्र रात्र क्रॉसवायरवर एक तारा धरून, हातात बटणं घेऊन बसत.

"म्हणजे कामगारावर सुपरवायझर," अप्पा म्हणाले.

"हो."

"आणि सुपरवायझरवर?"

"लॅपटॉप."

"आणि लॅपटॉपवर?"

"मी."

अप्पांनी भिंग खिशात ठेवलं.

आता हा सुपरवायझर निवडायचा कसा? आमच्या कंपूत दोन पंथ आहेत. एक गाईडस्कोपवाले: मोठ्या दुर्बिणीच्या पाठीवर 50 मिलिमीटर व्यासाची छोटी दुर्बीण बसवा, तिला कॅमेरा लावा, मोकळे व्हा. दुसरे ओएजीवाले, म्हणजे ऑफ-अॅक्सिस गायडरवाले. मोठ्या दुर्बिणीतल्याच प्रकाशाचा एक कोपरा इवल्याशा प्रिझमनं पळवायचा आणि तो गाईड कॅमेऱ्याला द्यायचा. ओएजीवाले गाईडस्कोपवाल्यांकडे, प्युअर व्हेज माणूस 'रस्सा बाजूला काढून खातो' म्हणणाऱ्याकडे बघतो तसं बघतात.

"गाईडस्कोप वाकतो, भो," एक जण मिसळीत पाव बुडवत म्हणाला. "त्याच्या क्लॅम्पमधे केसाएवढा फरक पडला तरी छोटा म्हणतो तारा जागेवर आहे आणि मोठ्यात तारा चालला फिरायला."

"आणि ओएजीच्या त्या चिमूटभर तुकड्यात गाईड करायला तारा सापडतो का?" दुसरा म्हणाला. "अर्धी रात्र शोधण्यात जाते."

दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. तीन आठवडे मी रोज रात्री एक पंथ स्वीकारत होतो आणि सकाळी चहाबरोबर धर्मांतर करत होतो. ओएजी घ्यायचं शेवटी पक्कं करून अप्पांना चित्र काढून समजावत होतो, तेव्हा त्यांनी विचारलं, "मधे जागा किती?"

माझ्या दुर्बिणीत कोमा करेक्टर आहे, म्हणजे कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटू नयेत म्हणून लावलेली भिंगं. त्याच्यापासून सेन्सर बरोबर 55 मिलिमीटरवर हवा. माझा कॅनन डीएसएलआर स्वतःच 44 खातो आणि त्याला दुर्बिणीशी जोडणारी कडी, टी-रिंग, 11. अप्पांनी कागदावर बेरीज केली, खाली दोन रेघा मारल्या.

"चव्वेचाळीस आणि अकरा पंचावन्न. मग हे तुझं जाडजूड ओएजी बसणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

तीन आठवड्यांचा शास्त्रार्थ चौथीच्या बेरजेनं संपला.

गाईडस्कोपचा कॅमेरा पटकन ठरला: मोनो, कारण सेन्सरवर रंगांचे फिल्टर नसल्यानं अंधुक ताराही पकडतो. पिक्सेल 3.75 मायक्रॉनचे. छोट्या दुर्बिणीत एक पिक्सेल जवळपास चार विकलांचा होतो म्हणून मी धास्तावलो होतो, पण सॉफ्टवेअर ताऱ्याच्या ठिपक्याचा मध्य पिक्सेलच्याही छोट्याशा भागापर्यंत मोजतं. पार्सलमधे एक केबल आली, तिची पिन हुबेहूब लँडलाइनची. एसटी-4 म्हणतात तिला, एसबिग कंपनीच्या जुन्या ऑटोगायडरवरून. अप्पांनी ती कौतुकानं फिरवून बघितली आणि म्हणाले, "बघ, लागते का नाशिकरोडला."

खरा घोटाळा सॉफ्टवेअरच्या नावानं झाला. त्याचं नाव पीएचडी. पुश हिअर डमी, म्हणजे 'दाब इथे, ढ्या'. बायकोला एवढंच ऐकू आलं की मी रात्रभर पीएचडी घेऊन बसतो. तिनं ते माहेरी फोनवर सांगितलं. रविवारी सासूबाई पेढे घेऊन हजर. "या वयात शिकताय, जावईबापू, कौतुक आहे हो. विषय कोणता?" मी म्हणालो, "खगोल." खोटं तर नव्हतं. पेढे मात्र घशात अडकले.

पुढच्या अमावास्येला अप्पाही मळ्यावर आले, कानटोपी, मफलर आणि थर्मास घेऊन. लॅपटॉपवर एक निळी आणि एक लाल रेघ पळत होती. रेघा सपाट म्हणजे तारा स्थिर. बरोबर अकरा वाजता लाल रेघ आभाळाला भिडली. मी वारा तपासला, केबल तपासली, क्लॅम्प तपासला. मग दिसलं, अप्पांनी ट्रायपॉडच्या पायाला टेकून चहा ओतायला घेतला होता.

सकाळी मी फोटो उघडला. अप्पांनी भिंग काढलं. एका कोपऱ्यातून सुरुवात करून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेले. दहा मिनिटं घरात कोणी बोललं नाही.

"गोल आहेत," ते म्हणाले. "सगळे."

माझा ऊर भरून आला. अप्पांनी भिंग मधोमध आणलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"पण इथे शाई फुटलीय. हा केवढा डाग! हा कागद पास नाही व्हायचा."