'इंजेक्शन घेतलं' म्हणजे नेमकं कोणतं घेतलं?

कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊन आलेल्या माणसाला विचारा, काय केलं? उत्तर ठरलेलं: "इंजेक्शन घेतलं." कोणतं, ते सांगता येत नाही. पुष्कळदा ते टीटीचं असतं. टीटी धनुर्वातासाठी असतं, रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण चावल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा काही आठवडे ते दोन-तीन महिने हातात असतात आणि त्या काळात नीट उपचार झाले तर हा आजार टाळता येतो. म्हणूनच रेबीजचा प्रत्येक मृत्यू माझ्या जिवाला लागतो.

सगळ्यात आधी जखम धुवा. घरी, शेतात, नळाखाली, हापशावर, जिथं असाल तिथं. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटं. घड्याळ लावून बघा, पंधरा मिनिटं फार लांब वाटतात. बहुतेक जण दोन मिनिटांत आटोपतात. रेबीजच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं आणि साबणानं ते फुटतं, त्यामुळे अंगाची किंवा कपड्यांची, कुठलीही वडी चालेल. दात खोल गेला असेल तर पाण्याची धार आतपर्यंत जाऊ द्या. नंतर पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावा. मिरची, हळद, चुना, तेल यातलं काहीही भरू नका. त्यानं जखम चिघळते, आणि मिरचीच्या आगीनं कळवळणारं पोर नंतर जखमेला हातही लावू देत नाही. पट्टी घट्ट बांधू नका. टाकेही शक्यतो टाळायचे असतात. घालावेच लागले तर आधी जखमेत सीरम, म्हणजे रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, देऊन, आणि टाके तेही थोडेच.

ज्याच्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होतं, ते हे सीरम. लस शरीराला प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला निकामी करणारी प्रथिनं, तयार करायला शिकवते, पण ती पुरेशी तयार व्हायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. विषाणू तेवढे दिवस थांबत नाही. जखमेतून मज्जातंतूत शिरला की तो मेंदूकडे निघतो. चेहरा, डोकं, मान, बोटं इथल्या जखमा म्हणूनच जास्त धोक्याच्या, कारण तिथं मज्जातंतूंचं जाळं दाट असतं किंवा मेंदू जवळ असतो. सीरममध्ये तयार प्रतिपिंडं असतात आणि ती जखमेतच विषाणूला गाठतात. म्हणून सीरम दंडात टोचून भागत नाही. जखमेत आणि तिच्या कडेनं, सुई फिरवत, जागा मावेल तेवढं भरायचं असतं. दुखतं, हे खरं आहे. लहान मुलाला धरून ठेवावं लागतं. तरीही "राहू द्या डॉक्टर, लस दिलीत ना" असं म्हणू नका.

मात्रा वजनावर ठरते: माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम किलोला 20 युनिट, घोड्याचं किलोला 40 युनिट. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पहिलं 1200, दुसरं 2400. घोड्याचं स्वस्त पडतं आणि सरकारी रुग्णालयात बहुधा तेच मिळतं. तेही काम करतं, फक्त क्वचित ॲलर्जी होऊ शकते म्हणून दिल्यावर काही वेळ तिथंच थांबायचं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं मोनोक्लोनल अँटिबॉडीचं, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिपिंडांचं इंजेक्शनही याच कामाचं.

सीरम कोणाला? रक्त आलं असेल, दात कातडीच्या आत गेला असेल, आधीच्या जखमेवर किंवा डोळ्या-तोंडात लाळ गेली असेल, तर सीरमही हवं आणि लसही. रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर फक्त लस. धड कातडीला चाटलं असेल तर धुतलं की पुरे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सीरम असेलच असं नाही. नसेल तर लसीचा पहिला डोस तिथंच घ्या आणि त्याच दिवशी उपजिल्हा किंवा सिव्हिल रुग्णालय गाठा. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आत सीरम देता येतं, नंतर नाही. सीरम नाही म्हणून लस मात्र थांबवायची नाही.

पोटात चौदा इंजेक्शनांची भीती अजून लोकांच्या मनातून गेलेली नाही, पण ती जुनी लस कधीच बंद झाली. आता कातडीत द्यायची लस दोन जागी 0.1 मिली, चार वेळा: शून्याव्या (म्हणजे पहिल्या डोसच्या), तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. पहिला डोस सोमवारी झाला तर पुढचा गुरुवारी, मग पुढच्या सोमवारी, आणि शेवटचा त्यानंतरच्या तिसऱ्या सोमवारी. दंडात, स्नायूत घ्यायची असेल तर चौदाव्या दिवशी आणखी एक, म्हणजे पाच. कुल्ल्यावर देऊ नये, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. लहान बाळांना मांडीत पुढच्या बाजूला देतात. गरोदर बाईलाही द्यायची, बिनधास्त. तारीख चुकली तर पहिल्यापासून सुरुवात नाही, राहिलेला डोस लगेच घ्यायचा आणि पुढं जायचं. अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोसच सर्वात जास्त बुडतो, कारण तोवर जखम भरलेली असते.

"घरचंच कुत्रं आहे, टोचलेलं आहे" म्हणून थांबू नका. लस सुरू करा, आणि कुत्र्यावर किंवा मांजरावर दहा दिवस नजर ठेवा. दहा दिवस ते धडधाकट राहिलं तर पुढचे डोस कमी करायचे का, ते डॉक्टर ठरवतील. माकड चावलं तर हा दहा दिवसांचा हिशेब लागू होत नाही.

पोरांना एक सांगून ठेवा: कुत्रा चावला किंवा नख लागलं तर घरी सांगायचं, कोणी ओरडणार नाही. मार बसेल म्हणून लपवलेला ओरखडा आईला आंघोळ घालताना दिसतो, तोवर चार दिवस गेलेले असतात. चार दिवस गेले असले तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि केसपेपर फेकू नका. लसीचे सगळे डोस पूर्ण झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर लसीच्या फक्त दोन फेऱ्या लागतात, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही. पण ते डॉक्टरांना त्या कागदावरूनच कळतं.