अरे, मेलसोबत आलेली ती अटॅचमेंट, म्हणजे जोडलेली फाइल, उघडू नका ना!

किती वेळा सांगायचं? काल परत काकांचा फोन, "अगं, वीजबिल आलंय म्हणून क्लिक केलं, काहीच उघडलं नाही गं." नाव बघितलं तर बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई, म्हणजे बिल नाहीच, क्लिक केलं की चालू होणारा प्रोग्राम, आणि ते शेवटचं ईएक्सई त्यांना दिसलंच नव्हतं कारण एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारं नावाचं शेपूट, लपवायची सेटिंग विंडोजमध्ये आधीपासूनच चालू असते! 2000 सालच्या मे महिन्यात 'आय लव्ह यू' व्हायरस असाच, साध्या मजकुराच्या टीएक्सटीच्या मागे व्हीबीएस, म्हणजे पुन्हा प्रोग्रामच, उघडला की अॅड्रेस बुकातल्या सगळ्यांना आपोआप मेल. तरी अजून तेच? फाइल एक्सप्लोररच्या, म्हणजे फोल्डरच्या खिडकीच्या, व्ह्यूमध्ये जाऊन फाइल नेम एक्स्टेन्शन्सवर टिक करायला किती वेळ लागतो हो? काकांच्या नातीचे बारशापासूनचे फोटो त्याच कॉम्प्युटरवर आहेत, व्हायरसने ते उडवले तर दुसरी कॉपी कुठेच नाही!