बाळ येण्याआधी किती झबली घ्यावीत?

नवजात बाळाला बुटांचे दोन जोड लागतात, असे ज्या कुणी छापून दिले आहे, त्याने दोन दिवसांचे बाळ कधी हातात घेतले आहे का, हा प्रश्न आज दुपारपासून माझ्या डोक्यातून जात नाही. माझ्या भाचीला आठवा महिना लागला आहे, डॉक्टरांनी जुलैच्या मध्याची तारीख दिली आहे, आणि पुण्यातल्या एका मोठ्या दुकानात तिच्या हातात ‘बाळाच्या आगमनाची आवश्यक खरेदी’ अशी एक गुळगुळीत कागदावरची यादी ठेवण्यात आली. त्या यादीत चोवीस झबली, बारा रॉम्पर, टोपी-मोज्यांचे दहा जोड, सहा स्वॅडल, चार ब्लँकेट, दोन स्वेटर आणि ते बूट होते, आणि हे सारे ‘न्यूबॉर्न’ मापाचे. ‘मावशी, एवढे लागतेच म्हणतात,’ असे ती मला म्हणाली, तेव्हा तिच्या हातात साडेसतरा हजारांचे बिल होते. मी तिथे काही बोलले नाही. आठव्या महिन्यातल्या मुलीला भर दुकानात चार शब्द सुनवावेत, असे तुमच्यापैकी कुणालाही वाटले नसते. पण ते न बोललेले सगळे आता लिहिते आहे, आणि तिला विचारूनच लिहिते आहे.

आपल्याकडचे पूर्ण दिवसांचे बाळ साधारणपणे २.५ ते ३.५ किलोचे आणि ५० सेंटिमीटरच्या आसपास लांबीचे असते. पहिल्या काही दिवसांत त्याचे वजन थोडे उतरते, दोनेक आठवड्यांत ते भरून निघते, आणि मग रोज २५-३० ग्रॅमने वाढत पाचव्या महिन्याच्या सुमारास ते जन्माच्या वजनाच्या दुप्पट होते. पहिल्या तीन महिन्यांत लांबीही दर महिन्याला तीन-साडेतीन सेंटिमीटरने वाढते. जे कपडे जन्माच्या दिवशी अंगात नीट बसतात, ते महिना-सव्वा महिन्यात काखेत काचू लागतात. त्यातही या दिवसांत बाळ दिवसाचे पंधरा-सोळा तास झोपलेले असते आणि बहुतेक वेळ दुपट्यात गुंडाळलेले असते. अशा बाळासाठी चोवीस झबली आणि वर बारा रॉम्पर घ्यायला लावणे ही मला सरळसरळ लूट वाटते, आणि ती एका घाबरलेल्या, हळव्या झालेल्या मुलीची लूट आहे, म्हणून मला अधिक राग येतो.

माझी मुलगी १९९२ च्या श्रावणात चिपळूणला, माझ्या माहेरी झाली. कोकणातला श्रावण ज्यांनी पाहिला आहे, त्यांना पावसाविषयी वेगळे सांगायला नको. मुंबईहून माझ्या भावाने, म्हणजे बाळाच्या मामाने, हौसेने पाठवलेला मखमली कपड्यांचा खोका दवाखान्यात आमच्या पिशवीत होता. प्रसूतीनंतर नर्सबाई दारात आल्या आणि त्यांनी विचारले, ‘जुने, धुतलेले सुती कापड आणले आहे का? नवीन नको.’ आमच्याकडे ते नव्हते. माझी आजी तेवढ्या पावसात घरी गेली, ट्रंकेतून तिचे जुने नऊवारी लुगडे काढले, आणि ते घेऊन परत आल्यावर खाटेशेजारी बसून तिने ते फाडले. आधी तिने दोन्ही बाजूंचे काठ फाडून वेगळे केले, कारण काठ बाळाच्या अंगाला टोचतो. बसण्याच्या जागी विरलेला भाग तिने बाजूला ठेवला, तो तोंड पुसायला झाला. उरलेल्या लुगड्यात चार दुपटी आणि डझनभर लंगोट निघाले. तिने त्यांच्या कडा दुमडून शिवल्याही नाहीत, कारण दुमडलेली शिवणसुद्धा नव्या कातडीला रुतते, असे तिचे म्हणणे होते. माझ्या मुलीच्या अंगाला लागलेले पहिले कापड ते होते.

मी पुढे अनेक वर्षे घरी शिवणकाम केले आणि ओळखीपाळखीच्या कितीतरी बाळांची झबली शिवली, तेव्हा आजीचे ते म्हणणे मला पुन्हा पुन्हा पटत गेले. तान्ह्या बाळाचे झबले मलमलीचे किंवा चांगल्या धुतलेल्या मऊ सुती कापडाचे असावे, त्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवावी, गुंडी किंवा टिचबटणापेक्षा पुढे बांधायच्या आखूड नाड्या बऱ्या, आणि गळ्याशी कोणतीही लांब दोरी असू नये. ते पुढून पूर्ण उघडणारे असावे, कारण बाळाची मान धरत नाही आणि डोक्यावरून कपडा घालताना नवख्या आईचे हात थरथरतात. जन्मानंतर डाव्या दंडावर बीसीजीची आणि मांडीत हिपॅटायटिस बीची लस देतात, तेव्हाही असेच झबले सोयीचे पडते. नाळेचा देठ गळून पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर पोटावर घट्ट इलॅस्टिक असलेले काहीही घालू नये. आता मला सांगा, त्या दुकानातल्या झालरीच्या, जाळीच्या, पाठीवर चेन असलेल्या कपड्यांपैकी कितींना यातले काही लागू होते?

जन्मल्याबरोबर बाळाला कोरडे पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि दोघांवर मिळून पांघरूण घालतात. जागतिक आरोग्य संघटनाही पहिला तास असाच जावा म्हणते आणि पहिली आंघोळ चोवीस तासांनी घालायला सांगते. म्हणजे पहिल्या दिवशी बाळाला लागते काय, तर आईचे अंग, डोक्याला टोपडे, लंगोट आणि दोन कोरडी दुपटी. ज्या पोशाखासाठी भाचीने आज सर्वांत जास्त पैसे मोजले, तो ‘दवाखान्यातून घरी येण्याचा सेट’ आहे. तो बाळाच्या उपयोगाचा नाही, फोटोच्या उपयोगाचा आहे. मामाने पाठवलेल्या मखमली झबल्याचेही तेच झाले होते; फोटोसाठी ते चढवले, लेस मानेला घासून लाल वळ उठला, आणि मुलगी पुन्हा लुगड्याच्या तुकड्यात गेल्यावरच शांत झाली.

तुमच्यापैकी काही जणी आता म्हणतील की आपल्याकडे बाळ होण्याआधी काही आणायचेच नसते, आणि तेच बरोबर होते. मला तेही मान्य नाही. ती रीत कुठून आली, हे मला कळते. १९७१ मध्ये आपल्या देशात जन्मलेल्या हजार बाळांमागे १२९ बाळे वर्षाच्या आत दगावत होती. ज्या घरात घडी न मोडलेले झबले परत ट्रंकेत ठेवावे लागले असेल, त्या घरातल्या बाईने लेकीसुनांना ‘आधी काही आणू नका’ असे बजावले, तर तिला मी कशी नावे ठेवू? पण २०२० मध्ये हा आकडा २८ पर्यंत खाली आला आहे, आणि महाराष्ट्रात तर तो १६ होता. आज बाळ जगेल अशी तयारी करणे हे अधिक शहाणपणाचे आहे. डिसेंबरात नाशिकला किंवा विदर्भात जन्मलेल्या बाळाला अंगावर घालायला काही नसेल आणि बापाला रात्री दुकाने शोधत फिरावे लागले, तर त्या रीतीचा बाळाला काय उपयोग? कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळाला तर थंडीच सर्वांत आधी गाठते. राज्य सरकारने २०१९ मध्ये सरकारी रुग्णालयांत पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट द्यायला सुरुवात केली, त्यात कपडे आणि पांघरूण होते, आणि ती गरज खरी आहे. ज्या घरात फाडायला मऊ लुगडेही नाही, त्या घराला मी ‘कमी घ्या’ असे सांगणार नाही.

म्हणून नेमके किती, ते लिहिते. बाळ दूध टाकते, लंगोटाबाहेर ओले करते, त्यामुळे दिवसाला तीन-चार झबली बदलावी लागतात. धुतलेले कपडे दुसऱ्या दिवशी वाळून हातात येतात असे धरले, तर आठ झबली पुरतात, आणि पावसाळ्यात बारा. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसाला सहा-आठ वेळा किंवा त्याहून जास्त लघवी करते, त्यात प्रत्येक दुधामागे शी करणारी बाळेही असतात. कापडी लंगोट वापरणार असाल तर उन्हाळ्यात दोन डझन आणि पावसात तीन डझन ठेवा, आणि रात्री डायपर लावणार असाल तर याच्या निम्मे. मऊ दुपटी पाच-सहा, टोपडी तीन, पायमोज्यांचे दोन जोड, थंडी असेल तर पुढून उघडणारा एक स्वेटर, आणि घरातल्या जुन्या साड्यांची एक गोधडी. एवढ्यात पहिला महिना निघतो. हे सारे तीन-साडेतीन हजारांत होते, आणि घरी शिवणारे कुणी असेल तर त्याहूनही कमी लागतात.

पावसाळ्याचा मुद्दा मी मुद्दाम दोनदा लिहिला, कारण भाचीचे बाळ जुलैतच येणार आहे. चिपळूणला आमच्याकडे लंगोट दोन-दोन दिवस दमट राहायचे, तेव्हा आजी शेगडीवर बांबूची टोपली पालथी घालून त्यावर एकेक लंगोट पसरायची आणि पालटत राहायची. धुराने तान्ह्या बाळाला त्रास होतो, म्हणून आजचे डॉक्टर बाळाच्या खोलीत शेगडी-धुरी करू देत नाहीत, आणि त्यांचे बरोबर आहे. पण तिचा हिशेब चोख होता. दमट कापड बाळाला बांधायचे नाही, आणि वाळायला किती वेळ लागतो ते पाहून संख्या ठरवायची. दुकानातल्या यादीत जुलै आणि मार्च यांत काही फरकच नाही.

जुन्या कपड्यांविषयी एक गोष्ट मात्र मला मान्य करावीच लागेल. ट्रंकेत डांबरगोळ्या टाकून ठेवलेले कपडे काढून तसेच बाळाला घालणे धोक्याचे आहे. काही बाळांच्या रक्तात जन्मतःच एक विकर (एन्झाइम) कमी असते, त्यांना त्या गोळ्यांच्या वासानेसुद्धा तीव्र कावीळ होऊ शकते. असे कपडे बाळासाठी वापरूच नयेत हे उत्तम. बाकीचे जुने कपडे धुऊन कडक उन्हात वाळवावेत आणि मगच घालावेत. नवे कपडेही असेच धुऊन घ्यावेत, कारण त्यांना खळ आणि कच्चा रंग असतो.

लिहिता लिहिता माझा भाचीवरचा राग कधीच गेला आहे. मागच्या वर्षी तिच्या वाट्याला काय आले, ते आमच्या जवळच्यांना ठाऊक आहे. तेव्हा पाचव्या महिन्यापर्यंत तिने एक रुमालही घेतला नव्हता. सगळ्यांनी सांगितले होते की आधी काही आणू नको, आणि तिने ते निमूट पाळले होते. या वेळी ती एकेक झबले हातात घेऊन त्याच्या बाहीत दोन बोटे घालून पाहत होती, आणि तिचा चेहरा मी बरेच महिने एवढा मोकळा पाहिला नव्हता. चोवीस झबली घेऊन तिला हे बाळ येणारच आहे अशी खात्री वाटत असेल, तर साडेसतरा हजार जास्त नाहीत, असेही एक मन म्हणते. पैसे तिच्या कष्टाचे आहेत आणि ती त्यांचे काय करते, हे सांगणारी मी कोण?

पण मग ती यादी पुन्हा डोळ्यांसमोर येते. तिच्या मनातली ही भीती आणि ही आशा दुकानदाराला बरोबर कळते, आणि तो तिच्यावरच धंदा करतो. ‘पहिलेच आहे ना, मग कमी कशाला करता?’ हे वाक्य काउंटरवरच्या मुलीने माझ्यासमोर तिला ऐकवले. त्या मुलीलाही विक्रीचे आकडे गाठायचे असतील, तिला मी दोष देत नाही. ज्याने ते वाक्य तिला शिकवले, त्याला देते. बाळावरचे प्रेम कपड्यांच्या संख्येत मोजायला लावणे हे वाईटच आहे.

आणि आपण नातेवाईकही यात कमी नाही. आपल्याकडे १९९४ च्या कायद्यामुळे मुलगा की मुलगी हे आधी कळत नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण म्हणून आधी पिवळे-पांढरे कपडे घेऊन होतात, आणि जन्मानंतर आत्या, काकू, शेजारणी बाळंतविडा घेऊन येतात तेव्हा गुलाबी नाहीतर निळ्या सेटांचा दुसरा ढीग लागतो. तोही सगळा त्याच इवल्या मापाचा. बाळंतविडा द्यावा, ती सुंदर रीत आहे, आणि आजीने किंवा आत्याने शिवलेली खणाची कुंची घरात पिढ्यानपिढ्या जपली जाते, हेही मी पाहिले आहे. फक्त माप पुढचे घ्यावे.

भाचीला मी रात्री फोन केला. बारा झबली, तीन टोपडी, मोज्यांचे दोन जोड आणि एक स्वेटर ठेवून बाकीचे, लेबले न काढता, आठ दिवसांच्या आत दुकानात बदलून द्यायचे आणि त्याऐवजी सहा महिन्यांपुढचे सुती कपडे घ्यायचे, असे आमचे ठरले. घरी येण्याचा तो सेट तिला ठेवायचा आहे, तो तिने ठेवावा. बूट परत जातील. लंगोट आणि दुपटी मी शिवते आहे. माझ्याकडे आईच्या तीन सुती साड्या आहेत, आणखी दोन लागतील. आमच्या नात्यातले जे हे वाचत आहेत, त्यांच्यापैकी कुणाकडे मऊ झालेली, डांबरगोळ्यांशिवाय ठेवलेली सुती साडी किंवा धोतर असेल, तर येत्या रविवारपर्यंत माझ्याकडे पोहोचवावे. बारशाला येणाऱ्यांनी कपडे आणायचे असतील, तर सहा ते बारा महिन्यांच्या मापाचे, लांब बाह्यांचे आणि अस्तर नसलेले आणावेत. तोवर थंडी आलेली असेल.