चिमणीच्या पिल्लाला दूध पाजू नका हो!

रविवारी नागपुरात महाल भागात मावशीकडे गेलो, तर ती अंगणात बसून कापसाच्या बोळ्यानं चिमणीच्या पिल्लाला दूध पाजून राहिली होती. म्हणाली, "ग्रुपवर आलं ना!"

तो मेसेज मलाही दोनदा आलाय. मोबाईलच्या टॉवरमुळे चिमण्या संपल्या. खाली पडलेलं पिल्लू उचलून दूध पाजा, कारण माणसाचा हात लागला की आई त्याला टाकते. घरट्याचा जवळून फोटो काढून पाठवा, म्हणजे नोंद होईल. वर चिमणी म्हणून चक्क मुनिया या वेगळ्याच पक्ष्याचा फोटो.

हात लागला की टाकते म्हणता, आणि उचलायलाही सांगता? असो. पक्ष्यांना दूध पचत नाही, पिल्लाला जुलाब लागतात. त्याहून वाईट म्हणजे श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या बुडाशीच उघडतं. थेंब तिकडे गेला की खेळ खलास. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा पिल्लांना अळ्या-किडेच भरवते.

आणि मावशीचं पिल्लू पडलेलं नव्हतंच. अंगभर पिसं, आखूड शेपूट, चोचीच्या कडा पिवळ्या. उडायला शिकत होतं बिचारं. आईबाप समोरच्या तारेवर बसून आमच्या नावानं ओरडत होते. मांजराच्या भीतीनं त्याला जास्वंदीच्या कुंडीत ठेवलं आणि घरात जाऊन जाळीतून पाहत बसलो. दहाएक मिनिटांत चिमणी हिरवी अळी घेऊन उतरली. हात लागला होता, तरी! पिसं न फुटलेलं पिल्लू सापडलं, तर घरट्यात परत ठेवा. घरटं हाताला येत नसेल तर पक्षी सांभाळणाऱ्या जाणकाराला फोन करा, दुधाच्या पातेल्याकडे वळू नका.

शहरांत चिमण्या कमी झाल्या, हे मात्र खरं. तेवढं कबूल. पण 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्‌स' हा २०२० चा अहवाल सांगतो की घट मोठ्या महानगरांत आहे, देशभरातली संख्या साधारण स्थिर आहे, आणि टॉवरच्या लहरींवर खापर फोडण्याजोगा ठोस पुरावा नाही. वाडे पाडून फ्लॅट उभे केले, कौलांखालच्या फटी गेल्या, अंगणांत फरश्या बसवल्या, मग किडे कुठून येणार? त्याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही.

हा अहवाल उभा राहिला तो साडेपंधरा हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या एक कोटीहून जास्त नोंदींवर. कुठे, कधी, किती दिसल्या, एवढं लिहिलं तरी नोंद होते. घरट्यात मोबाईल खुपसला की आईबाप चोचीत किडा धरून बाहेर ताटकळतात, आणि कावळ्याला आयता पत्ता मिळतो. फोटोच हवा, तर बाजरीच्या वाटीजवळ एक काटकी रोवा, पडद्याआड बसा, सकाळचं तिरपं ऊन घ्या, फ्लॅश बंद ठेवा. वाटीत उतरण्याआधी चिमण्या काटकीवर टेकतात. काळ्या गळ्याचा चिमणा तिथेच छान मिळतो.

मावशीनं ग्रुपवर "दूध पाजू नका" असं टाकलं. खाली तिघांनी हात जोडले, चौथ्यानं तोच मेसेज पुन्हा पाठवला.